दुसरा रूळ पडला, मग पॅसेंजर अजून का थांबते?

बेळगाव भागात मिरज-लोंढा रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाचा, म्हणजे जुन्या रुळाशेजारी दुसरा टाकण्याचा, विषय निघाला की दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. खानापूरहून रोज कामाला येणारा विचारतो, "दोन रूळ झाले ना, मग आमची गाडी बाजूला का घालतात?" घटप्रभेकडचा विचारतो, "नवा रूळ शेजारी टाकतात, मग चालू गाड्या दिवसेंदिवस रद्द का करतात?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर मात्र थोडं माती-खडीत आहे, थोडं सिग्नलमध्ये आणि थोडं वेळापत्रकात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुणे-मिरज-लोंढा हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने मीटरगेजवर बांधला. मिरज-लोंढा पट्टा 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाला. चाकांखालच्या दोन पोलादी पट्ट्यांमधलं अंतर 1 मीटरवरून 1676 मिलिमीटरवर गेलं, पण मार्ग एकेरीच राहिला. पुण्यापासून लोंढ्यापर्यंतच्या सुमारे 467 किलोमीटरच्या दुपदरीकरणाला 2015-16 साली मंजुरी मिळाली. मिरजेपर्यंतचा भाग मध्य रेल्वेकडे आहे, तिथून खालचा नैर्ऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागाकडे. लोंढा-बेळगाव-घटप्रभा हा सुमारे 930 कोटी रुपयांचा टप्पा 27 फेब्रुवारी 2023 रोजी बेळगावात पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. त्यापुढचा टप्पा म्हणजे घटप्रभा ते मिरज.

आता एकेरी मार्गावर गाडी कशी चालते ते पाहू, कारण बाकी सगळं त्यातून उलगडतं. लोंढ्याकडून येताना गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर आणि मग बेळगाव. यातल्या शेजारशेजारच्या दोन स्टेशनांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी, हा नियम आहे. देसूरच्या स्टेशन मास्तरांना बेळगावकडे गाडी सोडायची तर आधी बेळगावकडून 'लाईन क्लिअर', म्हणजे मधला रूळ मोकळा असल्याची परवानगी, घ्यावी लागते. ती मिळाली की त्या तुकड्याचा रूळ तेवढ्यापुरता त्या गाडीचा. समोरून येणारी गाडी बेळगावातच उभी राहते, किंवा उलट आपली गाडी देसूरला थांबते. ऊसतोडीच्या दिवसांत शिवारातल्या अरुंद रस्त्यावर भरलेले दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की एकाला रस्ता रुंद असेल तिथेच थांबून राहावं लागतं, तसंच हे. रेल्वेत ही थांबायची जागा म्हणजे स्टेशनातली लूप लाईन, मुख्य रुळाला फुटलेला बाजूचा रूळ.

लूपला जाणारी गाडी कोणती, हे अग्रक्रम ठरवतो. वंदे भारत आणि मेल-एक्सप्रेस पुढे, त्यांच्यामागे पॅसेंजर आणि बहुधा शेवटी मालगाडी. त्यामुळे प्रवासी गाड्यांत थांबण्याची वेळ पॅसेंजरवर सगळ्यात जास्त येते. आणि 'क्रॉसिंग' म्हणजे समोरची गाडी भुर्रकन निघून जाण्याची दोन मिनिटं नव्हेत. पॅसेंजरने वेग कमी करून लूपमध्ये शिरायचं, पूर्ण थांबायचं, मग समोरच्या गाडीने यायचं, ती पूर्ण गेल्याची खात्री व्हायची, मग पुढच्या स्टेशनाकडून लाईन क्लिअर यायची, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे काटे फिरायचे, सिग्नल मिळायचा आणि गाडीने पुन्हा शून्यातून वेग घ्यायचा. यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. समोरची गाडी उशिरा असेल तर तिचा उशीरही आपल्या गाडीच्या माथी येतो. अशी दोन क्रॉसिंग लागली की ऑफिसला लेट मार्क ठरलेला.

एका रुळावर दिवसाला किती गाड्या मावतात, याचा हिशेब रेल्वेवाले अनेक वर्षं एका साध्या सूत्राने करतात. स्कॉटचं सूत्र म्हणतात त्याला. दिवसाची 1440 मिनिटं घ्यायची. सगळ्यात हळू गाडीला दोन स्टेशनांमधला तुकडा पार करायला लागणारा वेळ आणि लाईन क्लिअर वगैरे कामाचा वेळ यांची बेरीज करायची, आणि तिने 1440 ला भागायचं. आलेल्या आकड्याचे 70 टक्के धरायचे, कारण दुरुस्ती आणि उशीर यांना जागा ठेवावीच लागते. समजा एक तुकडा पार करायला 15 मिनिटं लागतात आणि कामाला 5. बेरीज 20. 1440 भागिले 20 म्हणजे 72, त्याचे 70 टक्के म्हणजे 50. दोन्ही दिशांच्या मिळून साधारण 50 गाड्या.

आता समजा त्याच मार्गावर एक तुकडा लांब आहे आणि तिथे 25 मिनिटं लागतात. तिथली बेरीज 30, गाड्या 48, आणि 70 टक्के धरले तर जेमतेम 33. बाकीच्या तुकड्यांत 50 गाड्या मावत असल्या तरी पूर्ण मार्गावरून आरपार जाऊ शकतात त्या 33 च. मला या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. मार्गाची क्षमता त्याच्या सगळ्यात अडचणीच्या तुकड्याइतकी असते. बेळगावच्या अलीकडे-पलीकडे दोन रूळ दिसत असले, तरी पुढे कुठेतरी एक तुकडा एकेरी असेल तोवर लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे अडतात, उशिरा धावतात, आणि तो उशीर दुपदरी भागातही घेऊन येतात. खानापूरकराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं वेळापत्रकात आहे, त्याकडे शेवटी येतो.

दोन रूळ झाले की जाणारी वाट वेगळी आणि येणारी वेगळी. समोरासमोरचं क्रॉसिंग संपतं, त्यामुळे क्षमता दुपटीहून जास्त वाढते. तरी एक गोष्ट राहतेच. मागून वेगाची गाडी येत असेल तर हळू गाडीला बाजूला घेऊन तिला पुढे जाऊ द्यावं लागतं. शिवाय एका रुळावर, दोन स्टेशनांच्या मध्ये, एका दिशेची एकच गाडी हा नियम तसाच असतो. मुंबईत लोकल तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावतात, कारण तिथे स्टेशनांच्या मध्येही थोड्या थोड्या अंतरावर आपोआप बदलणारे सिग्नल आहेत. 'बेळगाव-खानापूर लोकल' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर मुंबई असेल, तर हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

बांधकामाकडे वळू. नवा रूळ जुन्याच्या शेजारी टाकतात, दोन रुळांच्या मध्यांमध्ये किमान 5.3 मीटर अंतर ठेवून. बहुतेक ठिकाणी हे रेल्वेच्याच जुन्या हद्दीत बसतं, म्हणून दुपदरीकरणाला नव्या मार्गाइतकी जमीन लागत नाही. पण शेजारी गाड्या चालू असताना भराव घालणं फार जपून करायचं काम आहे. जुन्या भरावाचा उतार कापून पायऱ्या करायच्या, त्यावर नवी माती थराथराने टाकायची, प्रत्येक थर रोलरने दाबायचा आणि पुरेसा दबला की नाही हे तपासल्यावरच पुढचा थर टाकायचा. घाई केली तर पहिल्या पावसात भराव खचतो.

इथे आपल्या जिल्ह्याची माती मध्ये येते. खानापूर-बेळगावकडे तांबडी माती आणि जांभा, पावसाचा जोर भयंकर. कणकुंबीच्या बाजूला पडणारा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. रायबाग, चिंचली, कुडचीकडे उतरलं की काळी माती. ही पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ खडी टाकून रूळ बसवले तर ते वर-खाली होतात. म्हणून भरावाच्या माथ्यावर निवडक मुरूम-खडीचा जाड थर देतात, म्हणजे पाणी खाली मुरत नाही आणि गाडीचा भार सगळीकडे सारखा पसरतो. मातीकाम पावसाळ्यात जवळपास बंदच असतं. चार महिने तसेच जातात. 'इतकी वर्षं काम चालू आहे' हे खरं आहे, पण त्या वर्षातला कामाचा काळ आठ महिन्यांचाच असतो.

पूल हा आणखी वेगळा हिशेब. लोंढा-मिरज मार्ग खानापूरजवळ मलप्रभा ओलांडतो, पुढे घटप्रभा आणि कुडची-उगारच्या मध्ये कृष्णा. दुसऱ्या रुळासाठी जुन्या पुलाशेजारी नवा पूल लागतो, आणि पाया खणताना जुन्या खांबाला धक्का लागून चालत नाही. नदीतलं काम पाणी ओसरल्यावरच करता येतं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णाकाठाने जो महापूर पाहिला, त्यानंतर पुलाची उंची आणि पाण्याला वाट किती ठेवायची हा प्रश्न इथल्या माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. रेल्वेचा भराव म्हणजे शेतातून गेलेला लांबच लांब बांधच. त्यात मोऱ्या कमी पडल्या तर एका बाजूच्या शिवारात पाणी तुंबतं. काम चालू असतानाच ग्रामपंचायतीने मोऱ्यांची जागा आणि रुंदी विचारून घ्यावी असं मी आवर्जून सांगेन. काम झाल्यावर मोरी वाढवून मिळणं अवघड.

मग स्लीपर आणि रूळ. किलोमीटरला साधारण 1660 काँक्रीटचे स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ठोकळे, लागतात. रुळाची एक पट्टी मीटरला 60 किलो वजनाची, म्हणजे दोन पट्ट्यांच्या एक किलोमीटर मार्गाला 120 टन पोलाद. सांधे जोडून लांब सलग रूळ केले जातात, म्हणून जुना 'खडाक-खडाक' आवाज आता येत नाही. हे काम दिसायला मोठं, पण माती नीट बसलेली असेल तर ते वेगाने उरकतं.

खरी कसोटी स्टेशनात लागते, आणि गाड्या रद्द होतात त्या इथे. स्टेशनात शिरताना गाडी कोणत्या रुळावर जाणार हे काटे ठरवतात. काटे, सिग्नल आणि गेट यांना एकमेकांशी असं बांधून ठेवलेलं असतं की काटा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय, रुळावर दुसरी गाडी नाही याची खात्री झाल्याशिवाय आणि गेट बंद असल्याशिवाय सिग्नल मिळूच शकत नाही. स्टेशन मास्तरांनी चुकून बटण दाबलं तरी नाही. या बांधणीला इंटरलॉकिंग म्हणतात. प्रवाशाचा जीव त्यावर विसंबून असतो.

दुसरा रूळ स्टेशनात जोडायचा म्हणजे सगळ्या काट्यांची रचना बदलते. जुनी बांधणी सोडून नवी बसवावी लागते, आणि ती सोडल्यापासून नवी तपासून चालू होईपर्यंत स्टेशनाला ते संरक्षण नसतं. यालाच 'नॉन-इंटरलॉकिंग काम' म्हणतात. 'एनआय कामामुळे गाड्या रद्द' असं छापून येतं ते हेच. या दिवसांत प्रत्येक काटा माणसाने जागेवर जाऊन बसवायचा, क्लँप लावून कुलूप घालायचं, झेंडी दाखवायची आणि गाडी ताशी 15 किलोमीटरच्या आसपास रांगत न्यायची. एरवी काही सेकंदांत होणाऱ्या कामाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. अशा स्टेशनातून रोजच्या सगळ्या गाड्या नेणं शक्य नसतं आणि नेऊही नये. म्हणून काही गाड्या रद्द होतात, काही आधीच्या स्टेशनातच संपवल्या जातात, काही दुसऱ्या मार्गाने वळवल्या जातात.

घटप्रभेकडच्या प्रश्नाचं हे उत्तर. पण माझी एक तक्रार आहे. रद्द करायच्या यादीत पॅसेंजर पहिल्या असतात. लांबच्या एक्सप्रेसला वळणाचा मार्ग मिळतो, तिकिटाचे पैसे परत मिळतात. पास काढलेल्या कामगाराला, कॉलेजच्या मुलाला, मिरजेला दवाखान्यात निघालेल्या पेशंटला बसचं दुप्पट-तिप्पट भाडं खिशातून द्यावं लागतं. एनआय काम कधी आहे हे आधी ठरलेलं असतं. तेवढे दिवस एसटी आणि कर्नाटक परिवहनाच्या जादा बस त्या त्या स्टेशनांवरून सोडणं अवघड नाही, फक्त कुणीतरी ते आधी मागायला हवं.

सगळं जोडून झालं तरी गाडी लगेच धावत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन पाहणी करतात, वेगाची चाचणी घेतात आणि मग मंजुरी देतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याने बांधलं त्यानेच पास करू नये, एवढाच हेतू. सुरुवातीला वेगावर मर्यादा असते, भराव बसत जातो तशी ती वाढवतात.

बेळगाव शहरात हा विषय निघाला की गेटांपाशीच येतो. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट अशी टिळकवाडीत ठिकाणांचीच नावं पडली आहेत. गेटच्या जागी उड्डाणपूल करायचा की नाही हे ठरवताना रेल्वे एक गुणाकार करते. दिवसातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. हा आकडा लाखाच्या वर गेला की पुलाची मागणी रास्त धरली जाते. दिवसाला 40 गाड्या आणि 2500 वाहनं असली की लाख भरले. दुपदरीकरणाने गाड्या वाढतात, म्हणजे हा आकडाही वाढतो, आणि गेट बंद राहण्याचा वेळही. खर्च रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात साधारण निम्मा-निम्मा वाटला जातो. रुळांवरचा तुकडा रेल्वे करते आणि चढ-उताराचा रस्ता बऱ्याचदा राज्याकडे असतो. त्यामुळे मधला भाग तयार आणि दोन्ही टोकं लटकलेली, असे पूल देशभर दिसतात. तिथे दुकानदारांची जागा, झाडं, गटारं, वीजवाहिन्या सगळंच आडवं येतं.

गेटवरच सांगायची आणखी एक गोष्ट, आणि ती मी हात जोडून सांगतो. एकेरी रुळावर एक गाडी गेली की वाट मोकळी, ही आपली वर्षानुवर्षांची सवय आहे. दोन रुळांवर ती जीवघेणी ठरते. जवळची गाडी जात असताना तिच्या आडून दुसरी समोरून येत असते आणि पहिलीच्या आवाजात ती ऐकूही येत नाही. शिवाय विजेची गाडी डिझेलपेक्षा शांत. मुलांना हे घरात सांगा. मार्गावरच्या तारांत 25 हजार व्होल्ट असतात, तेव्हा उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढणं तर दूरच ठेवा.

दोन शेजारच्या प्रकल्पांचं थोडक्यात. बेळगाव-धारवाड थेट मार्ग कित्तूरवरून सुमारे 73 किलोमीटरचा. सध्या लोंढ्याला वळसा घालून सुमारे 120 किलोमीटर पडतात. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. सप्टेंबर 2020 मध्ये त्यांचं निधन झालं. हा नवा मार्ग असल्यामुळे नवी जमीन लागते, आणि नंदिहळ्ळी, गर्लगुंजी, देसूर परिसरातल्या शेतकऱ्यांनी सुपीक जमीन जाते म्हणून विरोध केला, दुसरा आखणीमार्ग सुचवला. मला त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं वाटतं. प्रवासाचा तासभर वाचवायचा तर तो कुणाच्या पिढीजात जमिनीतून वाचतो हेही पाहायला हवं. लोंढ्याच्या पलीकडे गोव्याकडच्या घाटात वेगळीच गोष्ट. कॅसलरॉक ते कुळे हा उतार 37 मीटरला 1 मीटर इतका तीव्र आहे, आणि आजूबाजूला अभयारण्याचं जंगल. तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली.

आता वेळापत्रक. दुसऱ्या रुळाने जी जागा मोकळी होते ती कुणाला द्यायची, हे इंजिनिअर ठरवत नाही. ती मालगाड्यांना जाऊ शकते, वंदे भारतला जाऊ शकते. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली, बेंगळुरू-बेळगाव ऑगस्ट 2025 मध्ये. दोन्ही चांगल्याच आहेत. पण एका वेगवान गाडीसाठी पुढे-मागे मोठी मोकळी जागा ठेवावी लागते, आणि त्या जागेत दोन हळू गाड्या बसल्या असत्या. खानापूरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला येणारा फिटर, गुंजीहून कॉलेजला येणारी मुलगी, भाजीची पाटी घेऊन येणारी बाई यांना वंदे भारतचा उपयोग नाही. करोनानंतर पॅसेंजर 'एक्सप्रेस' म्हणून सुरू झाल्या आणि 10 रुपयांचं किमान तिकीट 30 रुपये झालं, ते फेब्रुवारी 2024 मध्ये परत 10 वर आलं. या प्रवाशाला प्रत्येक रुपया मोजावा लागतो हे त्या काळात सगळ्यांना दिसलं. दुसऱ्या रुळाचा पहिला हक्क याच माणसाचा, असं माझं ठाम मत आहे.

मागणी मात्र नेमकी हवी. 'लोकल सुरू करा' एवढ्या निवेदनाला 'विचाराधीन' असं उत्तर मिळतं. मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी, मागावी. तिला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, त्यामुळे इंजिन काढून फिरवत बसावं लागत नाही, आणि ती दर स्टेशनावर थांबूनही पटकन वेग घेते. बेळगाव-मिरज गाडी मागितली तर मिरजेत प्लॅटफॉर्म मध्य रेल्वेचा, म्हणजे हुबळी आणि मुंबई अशा दोन मुख्यालयांची संमती लागते. लोंढा-बेळगाव-घटप्रभा एवढीच मागितली तर सगळा मार्ग हुबळी विभागात येतो, आणि हा सगळा टप्पा दुपदरी झालेला आहे. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या बैठकीत विषय मांडता येतो, आणि तो पुढच्या वेळापत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्याआधी मांडायला हवा. नवं वेळापत्रक 2025 मध्ये 1 जानेवारीपासून लागू झालं होतं, म्हणजे कागद पावसाळ्यातच पोहोचलेले बरे. निवेदनात लिहायचं ते असं: सकाळी नऊच्या आत बेळगावात पोहोचणारी लोंढा-बेळगाव मेमू, दुपारच्या मोकळ्या वेळात त्याच गाडीची घटप्रभेपर्यंत एक फेरी, आणि संध्याकाळी कामं सुटल्यावर, सहाच्या सुमाराला, बेळगावहून लोंढ्याला परत.